हिरडीतून रक्त येत नाही, म्हणून गाफील राहू नका

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण जमलो आहोत ते कापसाच्या आणि ज्वारीच्या खरेदीचे बोलायला. ते बोलणे व्हायचेच आहे. त्याआधी अर्धा तास आम्ही मागून घेतला आहे, तो तोंडाबद्दल बोलण्यासाठी. विषय ऐकून मागच्या रांगेतले काहीजण उठले, बिडी ओढून येतो म्हणाले. त्यांनी जरूर जावे, पण परत यावे, कारण बोलणे त्यांच्याशीच आहे.

हा विषय आम्हाला का सुचला ते आधी सांगतो. आमच्यातले एक जुने कार्यकर्ते आहेत. नाव सांगत नाही, जुन्या माणसांना ते ओळखू येतील. कापसाच्या आंदोलनात घोषणा द्यायला ते उभे राहिले की भोंग्याची गरज पडत नसे. चार वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या गालाच्या आत, दाढेजवळ, पांढरा चट्टा आला. त्यांनी तो आम्हाला दाखवलाही होता. आम्ही काय म्हणालो? गरम चहाने भाजले असेल, ठेचा जास्त खाऊ नका. चट्टा दुखत नव्हता, म्हणून तेही विसरले आणि आम्हीही विसरलो. दीड वर्षाने त्या जागी जखम झाली, मानेत गाठ आली, तेव्हा नागपूर गाठले. अर्धा खालचा जबडा काढावा लागला. माणूस वाचला, पण बैलजोडी गेली आणि दोन एकर गहाण पडले. आता ते भाकरी दुधात कुस्करून खातात. घोषणा देत नाहीत, नुसती मूठ वर करतात.

त्यांना बिडी कोणी दिली? आम्हीच. रात्रीच्या बैठका चालायच्या, मधोमध बिडीचे बंडल आणि काड्यापेटी ठेवलेली असायची. नव्या पोराला संघटनेत आपलेसे करायचे म्हणजे त्याच्यापुढे बंडल सरकवायचे, ही आमची रीत. म्हणून हे भाषण उपदेश म्हणून ऐकू नका. आमच्यापैकी कित्येकांनी तीस-तीस वर्षे ओढली आहे, आणि दोघे अजून ओढतात.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या बोंडअळीचेच उदाहरण घ्या. २०१७ साली गुलाबी अळीने विदर्भ-मराठवाड्यात काय केले ते आपण सोसले आहे. पऱ्हाटी उभी हिरवीगार, बोंडे भरलेली, बांधावरून पाहणारा म्हणायचा यंदा पीक चांगले. बोंड फोडले तर आत सरकी खाल्लेली, कापूस पिवळा पडून सडलेला. अळी आत शिरते आणि शिरल्याचे भोक बुजून जाते, म्हणून बाहेरून काही कळत नाही. बिडी ओढणाऱ्याच्या हिरडीचे अगदी असेच होते.

दात हा नुसता हिरडीत बसवलेला खुंटा नाही. त्याचे मूळ जबड्याच्या हाडात असते आणि हिरडी हे त्याच्या भोवतीचे आवरण. दात नीट घासले नाहीत की हिरडीच्या कडेला चिकट थर जमतो, तो पुढे टणक होऊन त्याचे किटण होते. त्यात जंतू वाढतात. जंतूंशी लढायला शरीर तिकडे रक्त पाठवते, म्हणून हिरडी लाल होते, सुजते, घासताना रक्त येते. न ओढणाऱ्या माणसाला हे रक्त दिसते, तो घाबरतो, कोणाला तरी दाखवतो. रक्त येणे हा त्याच्यासाठी इशारा असतो.

ओढणाऱ्याचा हा इशाराच बंद पडतो. तंबाखूतल्या निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी पोचते, सूज कमी दिसते, हिरडी फिकट आणि टणक होते, घासताना रक्तही फारसे येत नाही. माणूस म्हणतो, आमच्या हिरड्या दगडासारख्या, आम्हाला दंतवैद्य कशाला? खाली मात्र जंतूंचे काम चालूच असते. उलट लढायला येणारे रक्तच कमी, म्हणून ते जास्त जोरात चालते. दाताला धरून ठेवणारे हाड झिजत जाते, हिरडी आणि दात यांच्यामध्ये खोल फट पडते. मग पंचेचाळीस-पन्नाशीला एक दिवस पुढचा दात बोटाने हलतो. किडलेला नसतो, दुखत नसतो, नुसता हलतो. पावसात माती वाहून गेल्यावर मुळे उघडी पडलेले झाड वाऱ्याने हलते, तसा. वाहून गेलेली माती ट्रॉलीने आणून टाकता येते. झिजलेले हाड कोणी आणून टाकत नाही. दंतवैद्य किटण काढून पुढची झीज थांबवू शकतो, पण गेले ते बहुतेक गेलेच.

यातून आणखी एक फसगत होते, आणि ती फार जणांची झाली आहे. एखादा माणूस हिंमत करून बिडी सोडतो. रक्तवाहिन्या पुन्हा मोकळ्या होतात, आणि महिन्याभरात दात घासताना रक्त यायला लागते. तो म्हणतो, पाहा, बिडी होती तोवर हिरड्या धड होत्या, सोडली आणि बिघडल्या. लगेच पानठेल्यावर जाऊन बंडल घेतो. भावांनो, सोडल्यावर रक्त आले तर तो हिरडी जिवंत होत असल्याचा इशारा समजा. रोग आधीपासूनच होता, आता तो दिसायला लागला, एवढेच. अशा वेळी बंडल न घेता दंतवैद्याकडे जा आणि किटण काढून घ्या. आजच्या भाषणातले दुसरे काही लक्षात राहिले नाही तरी चालेल, एवढे राहू द्या.

कोणी म्हणेल, सिगारेट वाईट, बिडी तर पानाची, आपल्या जंगलातली. गोंदिया, भंडारा, गडचिरोलीचा तेंदूपत्ता आम्हालाही ठाऊक आहे. बिडीत तंबाखू सिगारेटपेक्षा कमी असतो हेही खरे. पण तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, बिडी सारखी विझते, म्हणून जोराने आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. धूर दाट असतो. कमी तंबाखूतून जास्त निकोटीन आणि जास्त डांबर तोंडात जाते. पान जंगलातले असले म्हणून धूर औषधी होत नाही. चिलमीचेही तेच, वर तिची आच वेगळी.

धूर पहिल्यांदा लागतो तो तोंडाला. फुप्फुसाचे सगळे बोलतात, पण धुराच्या वाटेवर पहिला उंबरठा ओठ, जीभ, गाल आणि टाळू यांचा आहे. टाळू पांढरट होतो, त्यावर लाल ठिपके उठतात. जिभेची चव बोथट होते. किती घरांत जेवताना भांडण होते की भाजीत मीठ नाही! मायबहिणींनो, मीठ बरोबर असते, चव गेलेली असते. दातांवर काळे डाग पडतात, तोंडाला वास येतो. ही नुकसाने हलकी, यातली बरीच सोडल्यावर भरून निघतात. आंध्रच्या श्रीकाकुलम भागात बाया चुट्टा ओढतात तो पेटलेले टोक तोंडात धरून. धूर आणि आच दोन्ही थेट टाळूला लागतात, आणि तिथे टाळूचा कर्करोग जास्त आढळतो. धूर जिथे लागतो तिथे काम करतो, याला आणखी पुरावा नको.

गालाच्या आत, ओठाच्या कोपऱ्यात, जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आला आणि तो बोटाने पुसून जात नसेल, तर त्याला क्षुल्लक समजू नका. प्रत्येक चट्ट्याचा कर्करोग होत नाही. पण कोणत्या चट्ट्याचा होणार ते डोळ्यांनी सांगता येत नाही, तुकडा काढून तपासावा लागतो. लाल चट्टा तर पांढऱ्यापेक्षाही धोक्याचा. आणि सुरुवातीला यातले काहीच दुखत नाही. आपली सवय अशी की दुखेल ते दाखवायचे. पायात काटा मोडला तर त्याच दिवशी काढतो, तोंडातला चट्टा दोन वर्षे सांभाळतो. २०२२ च्या आकडेवारीत भारतातल्या पुरुषांमध्ये सगळ्या कर्करोगांत पहिला क्रमांक ओठ-तोंडाच्या कर्करोगाचा होता. त्यात दारूची जोड असली तर धोका नुसता वाढत नाही, कित्येक पटींनी वाढतो.

मग सोडून फायदा होतो का? होतो, आणि हे खेड्यातल्याच माणसांवर पाहिलेले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंत संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून केरळातला एर्नाकुलम, गुजरातमधला भावनगर आणि श्रीकाकुलम या भागांतल्या गावांत तंबाखू ओढणारी-खाणारी ३६ हजार माणसे तपासली. त्यांना समजावून सांगितले आणि वर्षानुवर्षे त्यांची तोंडे पाहिली. ज्यांनी सोडले किंवा बरेच कमी केले, त्यांच्या तोंडात नवे चट्टे येण्याचे प्रमाण घटले. ती माणसे आपल्यासारखीच, गावात राहणारी आणि कष्टाची होती.

येथे एक कडू गोष्ट सांगावी लागेल. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात प्रौढांपैकी ३.८ टक्के धूम्रपान करणारे निघाले, आणि तंबाखू खाणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे धूर कमी आणि चघळणे कितीतरी जास्त. आमच्या पाहण्यातली कितीतरी माणसे बिडी सोडली म्हणून फुशारकी मारतात आणि खिशात खर्ऱ्याची पन्नी असते. हे साप सोडून विंचू धरणे झाले. खर्ऱ्यात तंबाखू, चुना आणि सुपारी. सुपारीने गालाची आतली कातडी दोरखंडासारखी ताठ होते, आधी तिखट झोंबते, मग तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी एकावर एक धरून तोंडात जातात का, आता बसल्या जागी पाहा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते ते तुमच्या गावातला पानठेला तुम्हाला सांगेल. मिश्री लावणाऱ्या मायबहिणींनाही हेच सांगणे आहे. मिश्रीने दाढ थांबते ती बधिर होते म्हणून. कीड आत चालूच राहते.

आता हिशेब. आपली संघटना हिशेबावर उभी आहे, तेव्हा तो टाळून चालणार नाही. बंडलाचा भाव तुमच्या गावात असेल तो धरा. आम्ही वीस रुपये धरतो. दिवसाला एक बंडल, तर वर्षाचे ७,३०० रुपये. २०२४-२५ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,१२१ रुपये. म्हणजे वर्षाला एक क्विंटल कापूस, आणि वर पावणेदोनशेच्या आसपास रुपये. कोरडवाहू जमिनीत एकरी चार-पाच क्विंटल उतरला तर आपण देवाला नारळ फोडतो, आणि त्यातला एक क्विंटल धूर करतो. त्यात ऑपरेशनचा, गाडीभाड्याचा, बुडालेल्या हंगामाचा खर्च धरलेला नाही. व्यापाऱ्याने काट्यावर दोन किलो मारले तर आम्ही बाजार बंद पाडतो. हा क्विंटल कोणी मारला?

बिडी का ओढली जाते तेही आम्हाला कळते. शहरातला डॉक्टर सांगतो, सोडा, वाईट आहे. त्याला डवरणीचे तास ठाऊक नाही. उन्हात तास संपले की बांधावर टेकायचे, तर काहीतरी निमित्त लागते. मजूर नुसता बसला तर आळशी ठरतो, बिडी पेटवून बसला तर मालक काही म्हणत नाही. बिडी ही कष्टकऱ्याची हक्काची सुट्टी झाली आहे. सकाळी ओढल्याशिवाय पोट साफ होत नाही, हेही आम्ही शंभरदा ऐकले आहे आणि स्वतः म्हटले आहे. शरीराला सवय लागली की ते असेच बोलते. महिनाभर रग्गड पाणी, भाजी आणि ज्वारीची भाकरी खाऊन पाहा, पोट बिडीला विसरते. सुट्टी मात्र घ्यायचीच. आणि जो मालक आहे, त्याने मजूर बिडीशिवाय टेकला तरी डोळे वटारू नयेत.

फवारणीचे वेगळे सांगतो, कारण ते तोंडाइतकेच जिवाचे आहे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी-मजूर दगावले. औषधाने भिजलेल्या हाताने बिडी काढायची, ओठात धरायची, म्हणजे विष स्वतःच्या हाताने तोंडात घालायचे. खर्रा मळणाऱ्याने तर औषधच मळून खाल्ले म्हणायचे. निदान त्या दिवसांत तरी साबणाने हात धुतल्याशिवाय तोंडाला हात लावू नका.

एक प्रश्न कोणीतरी विचारणारच, तेव्हा आम्हीच विचारतो. तंबाखू पिकवणाराही शेतकरी आहे. १९८१ साली निपाणीला तंबाखू उत्पादक रस्त्यावर बसले होते, ६ एप्रिलला गोळीबार झाला, शेतकरी मारले गेले. त्यांचे काय? त्यांच्या भावासाठी आम्ही तेव्हा बोललो, आजही बोलू. पण निपाणीच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून वर्ध्याच्या शेतकऱ्याने जबडा द्यावा, असे कोणी ठरवलेले नाही. त्याला दुसरे परवडणारे पीक मिळाले पाहिजे, ही मागणीही आपलीच आहे. बिडी वळणाऱ्या बायांचेही तेच, त्यांच्या बोटांना दुसरे काम मिळाले पाहिजे.

करायचे काय, तेवढे सांगून आटोपतो. सोडायची तर एकदम सोडा, दिवस ठरवून. पहिले तीन-चार दिवस जड जातात, चिडचिड होते, झोप येत नाही. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढा वेळ ओवा, बडीशेप, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या, जे असेल ते चावा. सुपारी नको. घरच्यांनी आठवडाभर त्याचे तिखट बोलणे सोसावे. एकट्याने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तेथे सल्ला मिळतो. पुन्हा एकदा ओढली गेली तर सगळे संपले असे समजू नका. आमच्यातले काहीजण तिसऱ्या खेपेला सुटले.

दाढ काढली असेल तर पुढचे तीन-चार दिवस तरी धूर ओढू नका. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते तेव्हाच जखम भरते. ओढल्याने ती निसटते, हाड उघडे पडते आणि मूळ दाढेपेक्षा दुप्पट ठणका लागतो. बाजाराच्या दिवशी रस्त्यावर बसून दात उपटणाऱ्याकडे तर जाऊच नका.

महिन्यातून एकदा, सकाळच्या उन्हात, आरसा घेऊन बसा. ओठ उलटून पाहा, गाल बोटाने ताणून पाहा, जीभ बाहेर काढून दोन्ही कडा पाहा, वर उचलून खालची जागा पाहा, मान मागे करून टाळू पाहा. मानेवर हात फिरवून गाठ चाचपा. पंधरा दिवसांत न भरलेली जखम, न पुसणारा पांढरा वा लाल चट्टा, कारण नसताना हललेला दात, कमी उघडणारे तोंड, यातले काही दिसले तर चहाला दोष देऊ नका, जसा आम्ही दिला. जिल्हा रुग्णालयात दंतविभाग असतो. नागपूरला सरकारी दंत महाविद्यालय आहे. कर्करोगच निघाला तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत यादीतल्या रुग्णालयांत त्याचे उपचार होतात. आमच्या सहकाऱ्याने बैल आधी विकले आणि योजनेचे त्यांना नंतर कळले. कागद घेऊन आधी विचारा.

जिनिंगच्या आवारात आपल्यापैकी एकजणही बिडी पेटवत नाही. कडब्याच्या गंजीजवळ कोणी पेटवली तर आपण अंगावर धावतो. कापसाला आणि कुटाराला आगीपासून जपायचे आपल्याला कोणी शिकवावे लागले नाही.

आता चहा होईल. मंडपाच्या मागे, कडुलिंबाखाली, तालुक्याचे दंतवैद्य टॉर्च आणि आरसा घेऊन बसले आहेत. फी नाही. पहिल्या रांगेत आम्ही स्वतः उभे राहतो, आमच्यातले ते दोघे सर्वांत पुढे. मायबहिणींसाठी बाजूला कनात लावली आहे. चहानंतर खरेदीच्या विषयावर बैठक पुन्हा सुरू होईल.